संगीताचा तास बक्षीस म्हणून देऊ नका

मानसिक आजार आणि व्यसनांवरच्या एका उपचार केंद्रात, कुमारवयीन मुलांच्या विभागाबाहेर, भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. डाव्या बाजूला मुलांची टोपणनावं, वर आठवड्याचे वार. मूल वेळेवर उठलं, गोळ्या घेतल्या, गटचर्चेला बसलं, कुणाशी भांडलं नाही, की त्या दिवसाच्या चौकोनात हिरवा ठिपका. चार ठिपके जमले की शुक्रवारी दुपारी म्युझिक रूम. कमी पडले तर त्या वेळात खोलीत बसून राहायचं.

मी त्या केंद्रात काही महिने मदतनीस म्हणून जात होते. तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मुलांना आवडणारी गोष्ट आहे, तिच्यासाठी थोडी शिस्त पाळली तर बिघडलं कुठे? पण आठवडे जाऊ लागले तसं एक दिसायला लागलं. ज्या मुलाला त्या खोलीत जाण्याची सगळ्यात जास्त गरज होती, तोच दर शुक्रवारी बाहेर राहत होता. ज्याचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, तो सकाळी वेळेवर उठणार कसा? ज्याला तलफ आली की अंगाची आग होते, त्याचं भांडण होणारच. आणि जे मूल चार माणसांत तोंडच उघडू शकत नाही, ते गटचर्चेला कसं बसेल? आजाराची लक्षणं दिसली म्हणून मुलांचा उपचार काढून घेतला जात होता. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘आधी ताप उतरव, मग औषध देतो’ असं आपण म्हणत नाही.

केंद्रातली माणसं दुष्ट नव्हती, उलट जीव तोडून काम करणारी होती. फक्त तो तास म्हणजे उपचार आहे असं कुणी मानतच नव्हतं. वेळापत्रकात तो ‘करमणूक’ या सदराखाली होता, टेबल टेनिसच्या शेजारी.

मानसिक आजाराने किंवा व्यसनाने ग्रासलेल्या मुलांच्या उपचारात संगीतोपचार असावा की नसावा, यावर अधूनमधून चर्चा होते. माझ्या मते खरा प्रश्न त्याला कुठे बसवायचं, हा आहे. तो उपचाराच्या सदरात बसवायचा असेल तर दोन गोष्टी ओघाने येतात. शिक्षा म्हणून तो कुणाकडून हिरावून घेता येणार नाही. आणि उपचार म्हणवून घ्यायचं तर त्याला औषधाइतकाच हिशेबही द्यावा लागेल. यातली पहिली गोष्ट केंद्रांना जड जाते आणि दुसरी संगीताच्या भक्तांना. मला दोन्ही हव्या आहेत.

त्या खोलीत नेमकं काय होतं ते आधी सांगते, कारण बहुतेकांच्या मनात गाणी लावून डोळे मिटून बसलेल्या मुलांचं चित्र असतं.

एका आठवड्यात संगीतोपचारक बाईंनी हट्टच धरला, की ठिपके असोत वा नसोत, हा मुलगा आज माझ्या तासाला येईल. वय १५. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आल्यापासून तीन आठवड्यांत तो समुपदेशकाशी जेमतेम ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढंच बोलला होता. खोलीत एक ड्रम, एक गिटार, एक कीबोर्ड आणि एका पेटीत खुळखुळे, झांजा अशी किरकोळ वाद्यं. मुलगा टोपी डोळ्यांवर ओढून ड्रमशेजारी बसला. बाईंनी त्याला ‘वाजव ना’ म्हटलं नाही. ‘आज कसं वाटतंय’ हेही विचारलं नाही. त्या आपल्या गिटारच्या तारा जुळवत राहिल्या. पाचेक मिनिटांनी ड्रमच्या कडेवर नखाची टिचकी ऐकू आली. टक, टक, मध्ये रिकामी जागा, पुन्हा टक. बाईंनी मान वर न करता गिटारच्या लाकडावर तेच वाजवलं. तो थांबला, त्याही थांबल्या. त्याने मधली जागा लांबवली, त्यांनीही लांबवली. मग तो मुद्दाम वेग वाढवून त्यांना चकवायला लागला, आणि एकदा त्या खरोखरच चुकल्या. तेव्हा त्याने टोपी वर सरकवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेवटची दहा मिनिटं तो दोन्ही हातांनी वाजवत होता. इतक्या जोरात, की बाहेरून कुणीतरी दार उघडून आत डोकावलं.

चाळीस मिनिटांत दोघं मिळून दहा शब्दही बोलले नसतील. संध्याकाळी त्याच्या फाइलमध्ये नोंद झाली: ‘सहभाग कमी. बोलला नाही.’

त्या नोंदीने मला फार अस्वस्थ केलं. तीन आठवडे ज्याने कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता, त्याने त्या दिवशी दुसऱ्या माणसाला प्रतिसाद दिला, त्याची परीक्षा घेतली, त्याची चूक पकडली आणि तरीही त्याच्याबरोबर राहिला. मानसोपचारात ज्याला विश्वासाचं नातं म्हणतात त्याची ही सुरुवात होती. फाइलमध्ये तिच्यासाठी रकानाच नव्हता.

बोलून करायच्या उपचारांचं मोल मी कमी लेखत नाही. पण ते मुलाकडून पहिल्याच दिवशी फार मोठी गोष्ट मागतात: स्वतःला काय होतंय ते ओळख, त्याला शब्द दे आणि अनोळखी मोठ्या माणसाला सांग. या वयातलं मूल बहुधा स्वतःच्या पायांनी उपचाराला आलेलंच नसतं. आईवडिलांनी आणलेलं असतं, शाळेने पाठवलेलं असतं, कधी न्यायालयाने. त्याच्या दृष्टीने समोरचा माणूस हा त्याला इथे आणणाऱ्यांच्याच बाजूचा. अशा वेळी गप्प राहणं हा त्याच्या हातात उरलेला एकमेव अधिकार असतो. वाद्य हातात दिलं की तो अधिकार न सोडताही त्याला सहभागी होता येतं. काही कबूल करावं लागत नाही, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. किती जोरात वाजवायचं, कधी थांबायचं हे तोच ठरवतो. दिवसभर उठण्या-झोपण्यापासून फोनपर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असताना हे थोडंथोडकं नाही.

शब्द नंतर येतात, आणि तेही आडवाटेने. गाणं लिहिण्याचं काम दिलं की मुलं आधी ‘तो’ म्हणून लिहितात. ‘तो रात्री जागतो’, ‘तो परत त्या मित्रांकडे जातो’. चौथ्या-पाचव्या तासाला एखाद्या ओळीत ‘तो’चा ‘मी’ होतो. जाणता उपचारक त्यावर बोट ठेवत नाही, फक्त त्या ओळीला साजेसा सूर शोधायला मदत करतो. दुसऱ्याच्या गाण्याच्या शब्दांवर गटात चर्चा करण्याचीही एक रीत आहे, आणि व्यसनमुक्तीच्या कामात ती बरीच वापरली जाते. गाण्यातल्या माणसाबद्दल बोलता बोलता मूल स्वतःबद्दल बोलून जातं.

यातलं काहीही नवं नाही. दोन महायुद्धांच्या काळात आणि त्यांच्यानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत वादक-गायक येऊ लागले, त्याचा परिणाम डॉक्टरांना दिसला, आणि या कामाला नुसता चांगला गळा पुरत नाही हेही लवकरच लक्षात आलं. १९४४ मध्ये मिशिगनमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये ज्युलिएट आल्व्हिन या चेलोवादक बाईंनी १९५८ मध्ये संगीतोपचाराची संस्था काढली. पुढच्याच वर्षी संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष मुलांचे शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी मुलांबरोबर उत्स्फूर्त वादनातून काम करायला सुरुवात केली. त्या शुक्रवारी बाईंनी नखाच्या टिचकीला जे उत्तर दिलं, त्याचं मूळ या परंपरेत आहे. ब्रिटनमध्ये आज नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला ‘संगीतोपचारक’ म्हणवून घेता येत नाही, कायद्याने मनाई आहे.

आता हिशेबाकडे वळते. इथे संगीताच्या बाजूची माणसं हळवी होतात आणि नको तेवढे दावे करतात. अमुक फ्रिक्वेन्सी ऐका आणि नैराश्य पळवा, अमुक सुरावट झोपेसाठी, तमुक चिंतेसाठी, असे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गोळीसारखं लिहून दिलेलं असं संगीत म्हणजे संगीतोपचार नव्हे. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं, की आवडत्या संगीतातल्या उत्कट क्षणी, आणि तो क्षण येणार या अपेक्षेनेही, मेंदूत डोपामिन हे सुखाच्या जाणिवेशी जोडलेलं रसायन स्रवतं. हे संशोधन महत्त्वाचं आहे. अमली पदार्थ मेंदूच्या ज्या यंत्रणेवर कब्जा करतात, तिच्यापर्यंत संगीतही पोचतं हे त्यातून कळतं. पण म्हणून गाणं हे ड्रगला पर्याय आहे असं कुणी सांगितलं तर तो त्या मुलाशी केलेला खोटेपणा आहे. तलफ काय असते हे त्या मुलाला सांगणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. एकदा असं खोटं पकडलं गेलं की बाकीचंही तो ऐकत नाही.

पुरावा काय सांगतो? २०२२ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) व्यसनाच्या उपचारातल्या संगीतोपचाराचा आढावा घेतला. त्यात २१ चाचण्या आणि १,९८४ माणसं होती, भरणा अर्थात प्रौढांचा. नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिल्यावर तलफ काहीशी कमी होते आणि उपचार घेण्याची, बदलण्याची इच्छा वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नैराश्य आणि चिंता यांवर मात्र ठळक फरक दिसला नाही. नैराश्यावरचा कॉक्रेनचा वेगळा आढावा २०१७ चा आहे. नेहमीच्या उपचारासोबत संगीतोपचार दिला तर नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा निदान थोड्या काळापुरता जास्त आराम पडतो, असं तो म्हणतो. दोन्हीकडे ‘सोबत’ हा शब्द आहे. संगीतोपचाराच्या नावाखाली कुणी मुलाच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर त्या माणसापासून मुलाला दूर ठेवा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या चाचणीने. क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी असलेली ८ ते १६ वयाची २५१ मुलं घेतली. निम्म्यांना नेहमीचा उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास संगीतोपचार, असे १२ आठवडे. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. संवादकौशल्य सुधारेल ही मुख्य अपेक्षा होती. सगळ्या मुलांचा मिळून विचार केला तर ती पुरी झाली नाही, पण १३ वर्षं आणि त्यापुढच्या मुलांनी स्वतः दिलेल्या उत्तरांत सुधारणा दिसली. उपचार संपला त्या सुमाराला संगीतोपचार घेतलेल्या मुलांचं नैराश्य कमी आणि स्वतःबद्दलचा आदर जास्त होता. २६ व्या आठवड्यात पुन्हा पाहिलं तेव्हा हा फरक उरला नव्हता.

विरोधक यातली शेवटची ओळ उचलतात आणि समर्थक आधीची. मी दोन्ही वाचते आणि मला साधा गुणाकार दिसतो. आठवड्याला अर्धा तास, १२ आठवडे, म्हणजे सगळे मिळून सहा तास. सहा तासांनी या मुलांना काही आठवडे उभारी दिली आणि तास थांबल्यावर ती ओसरली. गोळ्या बंद केल्यावर आजार उलटला, तर आपण गोळीला निरुपयोगी ठरवत नाही. ती किती दिवस द्यायची आणि कशी कमी करत न्यायची, हे विचारतो. संगीतोपचाराच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायला हवा. तो विचारायचा तर आधी तास नियमित हवेत. ठिपक्यांवर चालणाऱ्या तासांचा परिणाम मोजणार कसा?

मुलांच्या स्वतःच्या गाण्यांबद्दलही बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त खटके तिथे उडतात. दाखल होताना फोन जातो आणि फोनबरोबर प्लेलिस्ट जाते. कर्मचाऱ्यांचं म्हणणं असतं, की या गाण्यांत नशेचंच कौतुक आहे, ती ऐकली की मुलं पुन्हा तिकडे ओढली जातात. यात तथ्य आहे. ज्या गाण्यावर पहिल्यांदा नशा केली ते गाणं कानावर पडताच छाती धडधडते, असं मुलं स्वतः सांगतात. संगीत दरवेळी भलंच करतं असं मी मुळीच म्हणणार नाही. फिनलंड, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी मिळून २०१५ मध्ये १३ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. मूल संगीताचा उपयोग सावरण्यासाठी करतंय की वाईट आठवणीत रुतून बसण्यासाठी आणि माणसांपासून लपण्यासाठी, हे त्यातून कळतं. एकच गाणं एकाला तारतं आणि दुसऱ्याला बुडवतं. म्हणून विचारायचं ते गाण्याबद्दल नाही, मुलाबद्दल: हे कधी ऐकतोस? ऐकल्यावर बरं वाटतं की आणखी खाली जातोस? तरीही परत का लावतोस?

हे विचारायची सोय फोन कपाटात कुलूपबंद केल्याने उरत नाही. मूल बाहेर पडेल त्या दिवशी ते गाणं रस्त्यावर, बसमध्ये, मित्राच्या खोलीत वाजणारच आहे. ते पहिल्यांदा पुन्हा कानावर पडेल तेव्हा शेजारी जाणतं माणूस असणं बरं, की एकटं असणं? उपचारकाच्या खोलीत ते गाणं लावायचं, कुठल्या ओळीला पोटात खड्डा पडतो ते शोधायचं, तिथे थांबवायचं, श्वास सावरायचा आणि पुढे दुसरं काय लावता येईल हे मुलानेच ठरवायचं. या कामात एक जुनं तत्त्व आहे. इरा आल्टशुलर या डॉक्टरांनी ते १९४० च्या दशकात मांडलं. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथूनच संगीत सुरू करा आणि हळूहळू त्याला तिथून हलवा. संतापलेल्या मुलाला बासरीचे मंद सूर ऐकवले तर तो आणखी चिडतो, हे घरी मुलं वाढवलेल्या कुणालाही पटेल.

ही सगळी कामं नाजूक आहेत, म्हणूनच प्रशिक्षणाचा आग्रह. त्याच केंद्रात एकदा एक हौशी गायक आले होते. मन फार चांगलं, आवाजही गोड. त्यांनी मुलांना डोळे मिटायला सांगितलं, ‘आईचा चेहरा आठवा’ म्हणाले आणि गायला लागले. बऱ्याच मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं, गायकांना कार्यक्रम रंगला असं वाटलं. त्यातली एक मुलगी आईच्या मारहाणीमुळे घराबाहेर पडलेली होती. ती उठून कधी गेली हे कुणाला कळलंच नाही. त्या रात्री ती कुणालाच जवळ येऊ देईना, पहाटेपर्यंत दोन कर्मचारी तिच्या दाराशी बसून होते. मुलांना रडवणं सोपं असतं. त्यांच्या आत काय उघडलं, ते आज उघडायचं होतं का, आणि तास संपण्याआधी ते पुन्हा अलगद मिटवायचं कसं, हे शिकावं लागतं. हौशी कलाकारांनी यावं, मुलांना गाणी ऐकवावीत, आनंद द्यावा. फक्त त्याला संगीतोपचार म्हणू नये आणि उपचारकाची जागा त्यावर भागवू नये.

माणसं आणि पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयोगटात दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार आहे. इतक्या मुलांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञच नसताना संगीतोपचारक कुठून आणणार? पण मुलांच्या उपचारात सगळ्यात मोठी उधळपट्टी कुठे होते ते पाहा. मूल अर्ध्यावर उपचार सोडून जातं आणि काही महिन्यांनी आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतं. कॉक्रेनच्या आढाव्यात ज्या गोष्टींवर परिणाम दिसला, त्यातली एक याच्या मुळाशी आहे, उपचार घेण्याची इच्छा. एका प्रशिक्षित माणसाने सहा-सात मुलांचा गट आठवड्यातून दोनदा घेतला आणि त्यातली दोन मुलं पूर्ण मुदत राहिली, तर तो खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही.

मग वॉर्डात शिस्त कशी ठेवायची, असं कर्मचारी विचारतात. बक्षिसं जरूर ठेवा. सुट्टीच्या दिवशी थोडं उशिरा उठणं, फोनची जादा वेळ, सिनेमा कुठला लावायचा ते ठरवण्याचा मान. उपचार सोडून काहीही बक्षीस म्हणून चालेल. आणि संगीतोपचारकाला आठवड्याच्या बैठकीत खुर्ची द्या, फाइलमध्ये त्याच्यासाठी रकाना ठेवा. ‘चार आठवड्यांत गटात दहा मिनिटं टिकेल’, ‘तलफ आल्यावर काय ऐकायचं याची स्वतःची यादी करेल’, अशी तपासता येतील अशी उद्दिष्टं त्याला लिहायला लावा. ती पुरी झाली नाहीत तर जाब विचारा.

त्या मुलाचं पुढे काय झालं? बाईंच्या हट्टामुळे त्याचा शुक्रवार चालू राहिला. सहाव्या आठवड्यात तो समुपदेशकाशी बोलायला लागला. सुरुवातीला ड्रमबद्दलच बोलला, मग घराबद्दल. त्याला घरी सोडलं त्या दिवशी मी तिथेच होते. कागदावर गोळ्यांची नावं आणि वेळा होत्या, डॉक्टरांकडे यायची तारीख होती, अडचण आली तर करायचा फोन नंबर होता. त्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि विचारलं, ‘शुक्रवारचं यात कुठे लिहिलंय?’ घरी गेलेल्या मुलांसाठी संगीतोपचाराची सोय तिथे नव्हती. टेबलामागच्या ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी पेन मागून घेतलं आणि समासात वार आणि वेळ लिहून दिली.